एका देहातील दोन व्याधी : ल्युपस आणि मज्जावरणाचे विकार



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते त्या आपल्या गणिताच्या बाई. माझी ती धाकटी बहीण. आजवर या व्यासपीठावरून गणित, शिक्षण, समाजसुधारणा अशा विषयांवर थोर व्यक्तींनी विचार मांडले. मी आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे व्याख्यानसमितीला माझ्याकडून एखादा वाङ्मयीन विषय अपेक्षित होता. तरीही मी समितीकडे एक वेगळी परवानगी मागितली. ज्या आजाराने बाईंना आपल्यातून नेले, त्या आजाराविषयी मला आज बोलायचे आहे. माझ्या नावामागे 'डॉक्टर' लागते ते महानुभाव गद्यावरील प्रबंधामुळे. औषधांशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून माझे म्हणणे एका रुग्णाच्या भावाने पुष्कळ वाचून, जाणकारांना विचारून समजून घेतलेले, एवढ्याच मोलाचे मानावे.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल की, १९९१ नंतर बाई फळ्यावर लिहीत नसत. त्या खुर्चीवर बसून सांगत आणि एखादा विद्यार्थी फळ्यावर लिही. कोणाला ती त्यांची शिस्त वाटे, कोणाला आळस. खरे कारण असे होते की, त्यांचे पाय शरीराचा भार पेलत नसत आणि उजव्या डोळ्याला फळ्याचा अर्धाच भाग दिसे. आरंभ १९८६ मध्ये झाला. बोटांचे सांधे दुखू लागले. इंदूरच्या उन्हात गालांवर लाल चट्टा उमटू लागला. १९८८ मध्ये एका डोळ्याची दृष्टी चार दिवसांत गेली आणि पुढे बरीचशी परत आली. १९९० मध्ये दहा दिवस उचकी थांबेना. १९९१ मध्ये कमरेखालचे अंग बधिर झाले. एका दवाखान्यात 'हे मनाचे खेळ आहेत' असे सांगून झोपेच्या गोळ्या देण्यात आल्या. मुंबईस नेल्यावर निदान झाले : मल्टिपल स्क्लेरॉसिस. चार वर्षांनी मूत्रपिंडे बिघडली, तेव्हा दुसरे निदान झाले : ल्युपस. मग पहिले निदान चुकीचे होते काय? की एकाच देहात दोन व्याधी होत्या? १९९९ मध्ये ती गेली, तोवर या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले नाही. आज ते शोधण्याची वाट बरीच स्पष्ट झाली आहे.

राखणदारच उलटला तर

आपल्या शरीरात एक राखणदार यंत्रणा असते. पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे जंतूंना ओळखतात आणि नष्ट करतात. या यंत्रणेचे पहिले काम मारण्याचे नसून ओळखण्याचे आहे : हे माझे, हे परके. ही ओळख बिघडली म्हणजे ती आपल्याच अवयवांवर चालून जाते. मराठीत आपण म्हणतो, कुंपणानेच शेत खाल्ले. वैद्यकात याला स्वयंप्रतिकार विकार, म्हणजेच ऑटोइम्यून विकार, म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक याने विसाव्या शतकाच्या आरंभी असे मत मांडले होते की, शरीराला स्वतःवर विषप्रयोग करण्याची एक नैसर्गिक घृणा असते. ते मत चुकीचे नव्हते, अपुरे होते. तशी घृणा असते खरी, परंतु ती राखण्यासाठी शरीराला अखंड खटपट करावी लागते. स्वतःवर चालून जाणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या पेशी शरीरातच असतात. त्या शोधाबद्दल शिमॉन साकागुची, मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असा हल्ला मेंदूवर होऊ शकतो, याचा एक पुरावा आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, हे आपल्याला आठवत असेल. ती लस डेव्हिड सेंपल याने १९११ मध्ये कसौली येथे सिद्ध केलेल्या पद्धतीने मेंढीच्या मेंदूपासून बनवीत. ती घेतलेल्यांपैकी काही थोड्यांना पुढे लकवा होई. तो लकवा रेबीजचा नव्हता. मेंढीच्या मेंदूतील द्रव्याविरुद्ध उठलेली प्रतिकारशक्ती माणसाच्या स्वतःच्या मेंदूवर उलटत असे, कारण दोन्ही मेंदूंतील ते द्रव्य जवळजवळ सारखेच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स याने १९३० च्या दशकात माकडांना सशाच्या मेंदूचा अंश वारंवार टोचून हेच दाखवून दिले. भारतात ती जुनी लस २००४-०५ च्या सुमारास बंद झाली आणि दंडात घेण्याची सुरक्षित लस तिच्या जागी आली.

लांडग्याचा चावा

'ल्युपस' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ लांडगा. मध्ययुगीन युरोपात चेहऱ्यावरच्या खोल व्रणांना हे नाव देत, जणू लांडग्याने लचका तोडला आहे. १८५१ मध्ये फ्रेंच वैद्य काझनाव्ह याने त्यातील लालसर चट्ट्यांचा प्रकार वेगळा केला. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी याने १८७२ मध्ये दाखवले की हा विकार केवळ कातडीचा नाही. त्यात ताप येतो, सांधे सुजतात, बुद्धीवरही झाकोळ येऊ शकतो. तरीही पुढील कित्येक वर्षे तो कातडीचाच रोग समजला जाई. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्हज आणि त्याच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांत एक विलक्षण पेशी आढळली. तिने दुसऱ्या पेशीचे केंद्र गिळलेले होते. पुढे १९५७ च्या सुमारास कळले की, या रुग्णांच्या रक्तात पेशीकेंद्राविरुद्ध, डीएनएविरुद्धसुद्धा, प्रतिपिंडे असतात. त्यावरूनच 'एएनए' ही आजची परिचित तपासणी निघाली.

पेशीकेंद्र बहुतेक सर्व पेशींत असते. म्हणून ल्युपसला शरीरात कोठलीही सीमा नाही. प्रतिपिंडे आणि त्यांना चिकटलेली द्रव्ये यांचे कण रक्तातून फिरतात आणि मूत्रपिंडांत, सांध्यांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात. रुग्णांमध्ये दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि बहुधा ऐन उमेदीच्या वयातल्या.

मज्जा आणि तिचे आवरण

आता दुसऱ्या व्याधीकडे वळू. मराठीत आपण 'मज्जातंतू', 'मज्जारज्जू' म्हणतो. योगायोग असा की, १८५४ मध्ये जर्मन वैद्य रूडोल्फ फिरखो याने तंतूंवरच्या आवरणाला 'मायलिन' हे नाव दिले, ते ज्या ग्रीक शब्दावरून घेतले त्याचाही अर्थ मज्जाच आहे. मायलिन म्हणजे मज्जातंतूभोवती गुंडाळलेले स्निग्ध पदार्थाचे अनेक पदर. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते तसे ते, फरक इतकाच की, मज्जावरणात ठराविक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीतून दुसऱ्या फटीत उड्या घेत जातो. त्यामुळे आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत वेगाने जाऊ शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत हा वेग सेकंदाला एखादाच मीटर असतो.

हे आवरण नष्ट झाले की संदेश रेंगाळतो, अडतो किंवा पोहोचतच नाही. डोळ्याच्या तंतूवर घाव पडला तर दृष्टी जाते. मज्जारज्जूवर पडला तर पाय जातात आणि लघवीवरचा ताबा सुटतो. १८६८ मध्ये पॅरिसच्या झाँ-मार्तें शार्को याने यांपैकी सर्वांत परिचित विकाराचे व्यवस्थित वर्णन केले. मेंदूत ठिकठिकाणी कडक झालेले चट्टे दिसत, म्हणून 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' : अनेक ठिकाणचा कठीणपणा. हा विकारही स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. उत्तर युरोपात तो विपुल, भारतात तुलनेने कमी. मुंबई आणि पुणे येथील पारशी समाजात मात्र तो इतर भारतीयांपेक्षा ठळकपणे अधिक आढळतो, हे मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि इतर अभ्यासकांनी दाखवून दिले.

उत्तर एक, रीती दोन

या दोन व्याधींचा गोंधळ का होतो, याचे एक साधे उदाहरण देतो. बाईंना उन्हाळ्याची धास्ती वाटे. ल्युपसच्या रुग्णाला ऊन बाधते, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी कातडीतील पेशी मरतात, त्यांची केंद्रे उघडी पडतात आणि प्रतिकारयंत्रणा चेकाळते. मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या रुग्णालाही उन्हाळा बाधतो. परंतु त्याचे कारण किरण नव्हेत, उष्णता. आवरण झिजलेला तंतू शरीराचे तापमान थोडे वाढले तरी संदेश नेईनासा होतो. गरम पाण्याने स्नान केल्यावरही दृष्टी अंधूक होते आणि अंग निवले की परत येते. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ याने १८९० मध्येच याची नोंद केली होती. पहिल्या रुग्णाला छत्री आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख हवा, दुसऱ्याला गारवा. तक्रार एकच, कारणे दोन. बाई तुम्हांला म्हणत असत, "नुसत्या उत्तराला गुण नाहीत, रीत दाखवा." या आजारांतही रीत पाहिल्याशिवाय उत्तर स्वीकारता येत नाही.

इतिहासातही हा घोटाळा दिसतो. १९७२ मध्ये इंग्लंडमधील वैद्यांनी काही रुग्णांचे वर्णन केले. त्यांचा आजार बाहेरून मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा होता, पण रक्तात ल्युपससारख्या खुणा होत्या. यासाठी 'ल्युपॉइड स्क्लेरॉसिस' असा जोडशब्द रूढ झाला. आम्हां भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे की, जोडशब्द पुष्कळदा ज्ञानाऐवजी अज्ञान झाकतो. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने ल्युपसमध्ये मज्जासंस्थेला होणारे विकार मोजून एकोणीस प्रकार ठरवले : बारा मेंदू व मज्जारज्जूचे, सात बाहेरच्या मज्जातंतूंचे. मज्जावरण नष्ट होणे हा त्यांतलाच एक प्रकार. म्हणजे ल्युपसमुळे मज्जावरण जाऊ शकते हे सर्वमान्य झाले. मात्र ते ल्युपसमध्ये फार थोड्या रुग्णांना होते.

चार वाटा

आज जाणकार डॉक्टर अशा रुग्णाकडे पाहताना निदान चार शक्यतांचा विचार करतात.

पहिली शक्यता अशी की, ल्युपसच मज्जासंस्थेत शिरला आहे. रक्तवाहिन्यांना सूज येते आणि मज्जारज्जू किंवा डोळ्याचा तंतू दुखावतो. अशा वेळी ल्युपसच्या इतर खुणा बहुधा सापडतात : सांधे, कातडी, मूत्रपिंड, रक्तपेशी.

दुसरी शक्यता गुठळ्यांची. १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी एका विकाराचे वर्णन केले. त्यात काही विशिष्ट प्रतिपिंडांमुळे रक्त सहज गोठते. ल्युपसच्या बऱ्याच रुग्णांत ही प्रतिपिंडे असतात; कित्येकदा ल्युपस नसतानाही असतात. मेंदूच्या बारीक वाहिन्या बंद होऊन एमआरआयमध्ये जे पांढरे ठिपके दिसतात, ते मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या ठिपक्यांसारखेच भासतात. येथे औषध वेगळे, रक्त पातळ ठेवण्याचे. वारंवार गर्भपात, पायात गुठळी, असा पूर्वेतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

तिसरी शक्यता : रुग्णाला खरोखरच मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे आणि ल्युपसही आहे. हे विरळ. येथे एक सावधगिरी हवी. एएनए तपासणी निरोगी माणसांतही काही वेळा सकारात्मक येते, मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या अनेक रुग्णांतही येते. केवळ त्या एका कागदावरून ल्युपस ठरत नाही. उलट पाठीच्या कण्यातील पाणी तपासल्यास मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या बहुसंख्य रुग्णांत काही खास प्रथिनांचे पट्टे दिसतात. ल्युपसमध्ये ते क्वचित दिसतात.

चौथ्या शक्यतेची कथा मोठी आहे, म्हणून ती स्वतंत्र सांगतो.

पाण्याची दारे

१८९४ मध्ये फ्रान्समधील लियाँ शहरात यूजीन देव्हिक याने डोळ्याचा तंतू आणि मज्जारज्जू एकदमच निकामी करणाऱ्या आजाराचे वर्णन केले. पुढे शतकभर तो मल्टिपल स्क्लेरॉसिसचाच उग्र प्रकार मानला गेला. जपानमध्ये तर डोळा आणि मज्जारज्जू यांपुरताच राहणारा 'आशियाई' प्रकार म्हणून त्याची वेगळी नोंद होई. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन आणि जपानी सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या रक्तात एक प्रतिपिंड शोधले. ते मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये सापडत नव्हते. दुसऱ्याच वर्षी त्याचे लक्ष्य कळले : अ‍ॅक्वापोरिन-४.

पेशींच्या भिंतीत पाणी आत-बाहेर जाण्याची बारीक दारे असतात. त्यांच्या शोधाबद्दल पीटर आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. मेंदूतील ही दारे ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशींवर असतात. या आजारात पहिला घाव त्या आधारपेशींवर पडतो आणि मज्जावरण त्यांच्यामागून ढासळते. म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसहून ही व्याधी मुळापासून वेगळी. तिला आता संक्षेपाने 'एनएमओ' म्हणतात. या विकाराचे रुग्णही दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एनएमओच्या रुग्णांत ल्युपस किंवा डोळे-तोंड कोरडे करणारा शोग्रेन विकार पुष्कळदा सोबत आढळतो. पूर्वी 'ल्युपसने मज्जारज्जू सुजवला' असे म्हणून सोडून दिलेल्या काही रुग्णांत तपासणीनंतर अ‍ॅक्वापोरिनची प्रतिपिंडे सापडली. म्हणजे ती ल्युपसची गुंतागुंत नव्हती; एकाच देहात राहणारी दुसरी व्याधी होती. तिच्या खुणा पक्क्या आहेत. मज्जारज्जूवरची सूज तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीची असते, मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये ती बहुधा आखूड असते. आणि मेंदूच्या तळाशी वांतीचे केंद्र असते, तेथे घाव पडला तर दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा ओकारी लागते. याशिवाय मज्जावरणाच्या बाह्य पदरावरील 'मॉग' नावाच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही आता तपासता येतात; त्या तिसऱ्या विकाराचे निकष २०२३ मध्ये निश्चित झाले.

एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

कोणी विचारील की, नावाला एवढे महत्त्व कशाला? हल्ला नवा असताना तर सर्वांनाच शिरेतून स्टेरॉइड देतात. हे खरे आहे. परंतु पुढचा हल्ला रोखण्याची औषधे वेगळी असतात आणि तेथे नाव चुकले तर नुकसान होते.

इंटरफेरॉनचे उदाहरण पाहा. विषाणूंशी लढताना शरीर स्वतःच हे द्रव्य बनवते. १९५७ मध्ये लंडन येथे त्याचा शोध लागला. १९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन-बीटा हे मल्टिपल स्क्लेरॉसिसचे औषध म्हणून मान्य झाले आणि त्याने असंख्यांचे हल्ले कमी केले. ल्युपसमध्ये याउलट स्थिती असते. बहुतेक रुग्णांत इंटरफेरॉनचाच अतिरेक असतो. म्हणून २०२१ मध्ये मान्य झालेले अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे ल्युपसचे औषध इंटरफेरॉनचा मार्ग अडवते. आणि एनएमओच्या रुग्णांना इंटरफेरॉन-बीटा दिले असता हल्ले वाढतात, असा अनुभव आला. म्हणजे जे एका व्याधीत देतात, तेच दुसऱ्या व्याधीत थोपवतात आणि तिसऱ्या व्याधीत टाळतात.

दुसरे उदाहरण संधिवाताचे. सांधेदुखीवर 'टीएनएफ' हे द्रव्य अडवणारी औषधे फार गुणकारी ठरली. त्याच जातीचे एक औषध मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये वापरून पाहिले, तेव्हा हल्ले वाढल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही औषधे घेणाऱ्या थोड्या संधिवाताच्या रुग्णांत मज्जावरणाचा विकार, तर काहींत ल्युपससारखा विकार औषधामुळेच उद्भवतो.

तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. इटलीजवळच्या सार्डिनिया बेटावर ल्युपस आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस दोन्ही विपुल आढळतात. २०१७ मध्ये तेथील संशोधकांनी दाखवले की, 'बॅफ' नावाचे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना जगवणारे द्रव्य वाढवणारा एक जनुकीय फरक दोन्ही व्याधींची शक्यता वाढवतो. मलेरियाशी झुंजताना तो पूर्वजांना उपयोगी ठरला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. येथे दोन्ही व्याधींचे एक मूळ खरोखर सापडले. बॅफ अडवणारे बेलिमुमॅब २०११ पासून ल्युपसमध्ये उपयोगी पडत आहे. मग मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्येही तसेच व्हावे, असे कोणालाही वाटेल. परंतु बॅफ आणि त्याचे एक भावंडद्रव्य अडवणारे अ‍ॅटासिसेप्ट या रुग्णांना दिले, तेव्हा हल्ले वाढले आणि चाचणी थांबवावी लागली. मूळ एक असले तरी फांद्यांना एकच पाणी मानवत नाही.

सामाईक मुळे आणखीही आहेत. २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून असे दिसले की, एप्स्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरॉसिसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. ल्युपसशीही याच विषाणूचा संबंध फार दिवस तपासला जात आहे. तो विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निमूट वास्तव्य करतो. म्हणजे त्याच्या जोडीला आणखी काही घडावे लागते. नव्या उपचारांतही दोन्ही व्याधी पुन्हा एकत्र येत आहेत. २०२१ मध्ये जर्मनीतील एर्लांगन येथील डॉक्टरांनी ल्युपसच्या एका तरुण रुग्णाच्या स्वतःच्याच पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत बदलून, त्यांच्याकरवी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा नायनाट केल्याचे जाहीर केले आणि रोग शमला. तोच मार्ग मज्जावरणाच्या विकारांतही अजमावला जात आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून सिद्ध झालेला त्या जातीचा उपचार भारतात २०२३ मध्ये मान्य झाला. मात्र तो रक्ताच्या कर्करोगासाठी आहे.

एक जुनी फाइल

आता घरची गोष्ट सांगून समारोपाकडे वळतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील आमच्या एका आतेभावाने कळवले की, मल्टिपल स्क्लेरॉसिसवर इंटरफेरॉन निघाले आहे, हवे तर व्यवस्था करतो. किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती आणि औषध थंड ठेवून इंदूरपर्यंत आणायचे कसे, हाही प्रश्न होता. मी नाही म्हटले. पुढे ती गेली, तेव्हापासून मनाला एकच टोचणी राहिली : दादा असून मी पैशाकडे पाहिले.

काही काळापूर्वी तिची फाइल मी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यापुढे ठेवली. ते आज मज्जाविकारतज्ज्ञ आहेत. त्यांनी मुंबईचा जुना अहवाल वाचला. मज्जारज्जूवरची सूज चार मणक्यांच्या लांबीची नोंदली होती. नंतर त्यांनी विचारले, "बाईंना कधी खूप दिवस उचकी लागली होती का?" ती उचकी त्या काळी कोणीही आजाराशी जोडली नव्हती. मी हो म्हणताच ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, आज बाई असत्या, तर पहिली तपासणी अ‍ॅक्वापोरिनची केली असती. खात्री देता येत नाही, कारण तेव्हाचे रक्त कोणाजवळ नाही. पण इंटरफेरॉन दिले नाहीत, हे बरे झाले."

बहुधा ल्युपस आणि एनएमओ, एका देहातील दोन व्याधी. हे उत्तर सिद्ध नाही, परंतु त्याची रीत आता समजते. मूत्रपिंडांसाठी १९९५ मध्ये दिलेल्या औषधांनंतर तिच्या डोळ्यांचे आणि पायांचे हल्लेही थांबले होते. त्याचा अर्थही आता लागतो. प्रतिकारयंत्रणेलाच आवर घातला गेला होता. त्या दुबळ्या झालेल्या प्रतिकारशक्तीमुळेच पुढे जंतुसंसर्गाने ती गेली, हेही तितकेच खरे.

माझी टोचणी कमी झाली, एवढ्यासाठी मी हे सांगितलेले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी लेकी-सुना आहेत. एखादीची दृष्टी अचानक गेली, अंग बधिर झाले, उचकी थांबेना, गालांवर चट्टा उमटला, तर या तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वाटून टाकू नका. सर्व कागद तारखेनुसार एका फाइलीत ठेवा आणि जुन्या, क्षुल्लक वाटलेल्या तक्रारींसह ते प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा. ल्युपस आणि मज्जाविकार यांचे तज्ज्ञ वेगळे असतात. त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे व्हावे, असा आग्रह धरा. बरे वाटले म्हणून औषध मनाने बंद करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावाने उल्लेख आहे, ल्युपसचा नाही; म्हणजे निदानाचे नाव दवाखान्याबाहेरही उपयोगी पडते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, या आजारांचे रुग्ण सोमवारी चालतात आणि गुरुवारी उठू शकत नाहीत. पाहणाऱ्याला ते ढोंग वाटते. १९८८ मध्ये मी स्वतः तिला म्हणालो होतो, "इतकं मनावर घेऊ नकोस." ती काही बोलली नाही. तिच्या वर्गातील ज्या मुलांनी दररोज उठून तिच्यासाठी फळ्यावर गणिते लिहिली, त्यांनी तिला कधी कारण विचारले नाही. आपण त्यांच्यापैकीच आहात. त्याबद्दल आपला सर्वांचा मी ऋणी आहे.